मंत्रिमंडळाचें बहुमत कोठें मोजावें?

ग्रामपंचायतीच्या सरपंचावर सदस्यांचा विश्वास उरला नाहीं, तर पुढें काय होतें, हें कन्हेरीसारख्या गांवांतील बहुतेक पालकांस ठाऊक आहे. असंतुष्ट सदस्य तहसीलदाराकडे अविश्वासाच्या ठरावाची सूचना देतात. तहसीलदार दिवस व वेळ नेमून पंचायतीची खास सभा बोलावितो. सभेंत ठराव मांडला जातो, सरपंचासही आपली बाजू सांगावयास मिळते, आणि मग मतें मोजलीं जातात. तहसीलदार हा सरकारचा अधिकारी खरा. परंतु त्या दिवशीं त्याचें काम सभा नीट चालविणें व मतें मोजणें एवढेंच असतें. सरपंचाविषयीं त्याचें स्वतःचें मत काय आहे, किंवा तालुक्यांतील कोणत्या पुढाऱ्यास कोणता सरपंच प्रिय आहे, हा प्रश्न तेथें निघूं शकत नाहीं.

गांवच्या कारभारांत जी रीत इतकी सरळ दिसते, तीच राज्याच्या कारभारांत पाळली जावी यासाठीं आपल्या देशास पुष्कळ वर्षें झगडावें लागलें आहे. दिल्लींतील पुढारी आणि प्रांतांतील पुढारी यांच्यांत कलह होणें ही नवी गोष्ट नव्हे, आणि केवळ कलहामुळें लोकशाही बुडते असेंही नाहीं. एका घरांत चार माणसें असलीं कीं मतभेद हा व्हावयाचाच. धोका तेव्हां उत्पन्न होतो, जेव्हां त्या कलहाचा निकाल लोकांनीं निवडलेल्या सभेंत न लागतां तिच्या पाठीमागें लागूं लागतो. ही गोष्ट बारामती तालुक्यांतील वाचकांस घरच्याच उदाहरणानें समजावून देतां येईल. कारण १९८० सालीं दिल्लीच्या हुकुमानें जें मंत्रिमंडळ घरीं बसविण्यांत आलें, त्याचे मुख्यमंत्री श्री. शरद पवार हे बारामती मतदारसंघाचे आमदार होते. पवार कुटुंबीयांनीं आपल्या अनेक निवडणुकांच्या प्रचाराचा नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढें फोडला असल्यामुळें हें नांव येथील लहान मुलांच्याही कानांवरून गेलेलें असतें. तथापि कोणा एका पुढाऱ्याची वा पक्षाची तरफदारी करण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. शाळेच्या वार्षिकांत तें शोभणारही नाहीं. येथें प्रश्न आहे तो एवढाच, कीं राज्याचें मंत्रिमंडळ राहावें कीं जावें हें कोणीं व कोठें ठरवावें.

प्रथम आपल्या राज्ययंत्राची रचना थोडक्यांत लक्षांत घेऊं. महाराष्ट्राच्या विधानसभेंत २८८ आमदार लोकांच्या मतांनीं निवडून येतात. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक आमदारांचा ज्यास पाठिंबा असेल त्यास राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात, आणि तो पाठिंबा असेपर्यंतच त्याचें मंत्रिमंडळ अधिकारावर राहतें. राज्यपालांस मात्र लोक निवडीत नाहींत. त्यांची नेमणूक राष्ट्रपति करतात, व राष्ट्रपति मध्यवर्ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतात. म्हणजे राज्यांत एक सत्ता खालून, मतदाराकडून येते, आणि दुसरी वरून, दिल्लीकडून येते. दोन्ही आपापल्या जागीं राहिल्या तर कारभार सुरळीत चालतो. वरून आलेल्या सत्तेनें खालून आलेल्या सत्तेस ढकललें, म्हणजे लोकशाहीची परीक्षा सुरू होते.

असें ढकलण्याचे मार्ग दोन आहेत. एक पक्षाच्या शिस्तीचा आणि दुसरा कायद्याचा.

पहिल्या मार्गाचें प्रसिद्ध उदाहरण स्वातंत्र्याच्याही पूर्वीचें, आणि तेंही मराठी मुलखांतीलच आहे. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत व वऱ्हाडांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें व नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे मुख्य प्रधान झाले. पुढच्याच वर्षीं मंत्र्यांमध्यें तीव्र बेबनाव झाला. जुलै १९३८ मध्यें डॉ. खरे यांनीं राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांनींही तो द्यावा असें सांगितलें. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता या तिघांनीं पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेवांचून राजीनामा देण्याचें नाकारलें. तेव्हां गव्हर्नरानें त्यांस अधिकारावरून दूर केलें आणि डॉ. खरे यांनीं नवें मंत्रिमंडळ बनविलें. तें थोडेच दिवस टिकलें. काँग्रेसच्या कार्यकारी मंडळानें डॉ. खरे यांस राजीनामा देण्यास भाग पाडलें, वर्ध्यास पक्षाच्या आमदारांची बैठक झाली आणि शुक्ल नवे मुख्य प्रधान झाले. डॉ. खरे यांनीं परक्या सरकारच्या गव्हर्नराचा आश्रय घेतला, हा त्यांजवरील आक्षेप साधा नव्हता. परंतु त्या वादांतून जो प्रश्न निघाला, तो त्या दोघांच्याही दोषांहून मोठा होता. प्रांताचा मुख्य प्रधान जबाबदार कोणास? ज्यांनीं मतें दिलीं त्यांच्या प्रतिनिधींस, कीं प्रांताबाहेरील पक्षश्रेष्ठींस? त्या साऱ्या गडबडींत एका ठिकाणीं मात्र कोणी गेलें नाहीं. तें ठिकाण म्हणजे खुद्द विधानसभेचें सभागृह.

दुसरा मार्ग कायद्याचा. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यांत ९३ वें कलम होतें. त्यान्वयें प्रांताचा कारभार चालेनासा झाल्यास गव्हर्नर सर्व सत्ता आपल्या हातीं घेऊं शके. १९३९ सालीं बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिल्यावर मुंबई इलाख्यावर याच कलमानें राज्य चाललें. स्वतंत्र भारताची घटना लिहितांना तसेंच एक कलम असावें कीं नाहीं, यावर घटनासमितींत कडाक्याचा वाद झाला. हरि विष्णु कामत यांच्यासारख्या सभासदांनीं त्यास निक्षून विरोध केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ४ ऑगस्ट १९४९ रोजीं उत्तर देतांना, या कलमाचा दुरुपयोग होणारच नाहीं अशी ग्वाही दिली नाहीं. तें कधीं उपयोगांत आणण्याची पाळी येऊं नये, तें कागदावरच निर्जीव पडून राहावें, अशी आशा त्यांनीं व्यक्त केली. तेंच आजचें ३५६ वें कलम. राज्याचा कारभार घटनेप्रमाणें चालणें अशक्य झालें आहे अशी राष्ट्रपतींची खात्री झाली, तर ते तेथील सत्ता आपल्या हातीं घेऊं शकतात. या घोषणेस दोन महिन्यांच्या आंत संसदेच्या दोन्ही सभागृहांची संमति मिळावी लागते.

वास्तविक हें कलम घरांतील आगीच्या बंबासारखें आहे. आग लागली तर त्यावांचून चालावयाचें नाहीं. परंतु शेजाऱ्याचें स्वयंपाकघर आवडलें नाहीं म्हणून त्यावर बंब सोडणें हा त्याचा उपयोग नव्हे. डॉ. आंबेडकरांची आशा फळली नाहीं. १९५१ सालींच पंजाबांत या कलमाचा प्रथम प्रयोग झाला. ३१ जुलै १९५९ रोजीं केरळांतील नंबुद्रिपाद यांचें मंत्रिमंडळ विधानसभेंत बहुमत असतांनाही बडतर्फ झालें. १९७७ सालीं दिल्लींत जनता पक्ष सत्तेवर येतांच त्यानें नऊ राज्यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळांस निरोप दिला व तेथील विधानसभा बरखास्त करविल्या. लोकसभेच्या निवडणुकींत त्या राज्यांतील जनतेनें काँग्रेसला नाकारलें, सबब तेथील मंत्रिमंडळांनीं लोकांचा विश्वास गमावला, हें त्याचें कारण सांगण्यांत आलें. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. परंतु न्यायालयानें तेव्हां हात घालण्याचें नाकारलें.

शेजाऱ्याच्या घरीं पाडलेला पायंडा आपल्या दारीं यावयास वेळ लागत नाहीं. महाराष्ट्रांत फेब्रुवारी १९७८ मध्यें विधानसभेची निवडणूक झाली. कोणत्याही एका पक्षास बहुमत मिळालें नाहीं, म्हणून काँग्रेसच्या दोन गटांनीं एकत्र येऊन वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखालीं मंत्रिमंडळ बनविलें. जुलै महिन्यांत शरद पवार आपल्या सहकाऱ्यांसह त्यांतून बाहेर पडले, आणि जनता पक्ष व इतर पक्षांच्या साहाय्यानें ‘पुरोगामी लोकशाही दल’ उभारून १८ जुलै १९७८ रोजीं मुख्यमंत्री झाले. तो बदल बरा कीं वाईट याविषयीं तेव्हांही मतभेद होते व आजही आहेत. पक्षांतराच्या बंदीचा कायदा १९८५ सालीं झाला, तो त्या वेळीं नव्हता. परंतु हा बदल लोकांनीं निवडलेल्या आमदारांनींच केलेला होता, आणि त्याचा जाब मतदारांनीं त्यांनाच विचारावयाचा होता.

जानेवारी १९८० मध्यें इंदिरा गांधी लोकसभेंत मोठें बहुमत मिळवून पुन्हां पंतप्रधान झाल्या. १७ फेब्रुवारी १९८० रोजीं नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त झाल्या. त्यांत महाराष्ट्राची होती. राज्य निर्माण झाल्यापासून महाराष्ट्रांत राष्ट्रपतींची राजवट येण्याची ही पहिलीच वेळ. १९७७ सालीं जनता पक्षानें जें कारण सांगितलें होतें, तेंच कारण आतां काँग्रेसनें जनता पक्षाच्या व इतरांच्या सरकारांस लावलें. दोन पक्ष एकमेकांचे कट्टर वैरी, पण या एका बाबतींत जणूं एकाच गुरूचे शिष्य!

या कारणाचा नीट विचार केला पाहिजे, कारण प्रथमदर्शनीं तें पटण्यासारखें आहे. लोकांचें मत बदललें असेल, तर जुन्या सभेनें कां राहावें? याचें उत्तर असें, कीं मतदारास जो प्रश्न विचारला, त्याच प्रश्नाचें उत्तर त्यानें दिलें असें समजावयाचें असतें. लोकसभेच्या वेळीं त्यास दिल्लींत कोण असावें हें विचारलें होतें; मुंबईंत कोण असावें हें विचारलें नव्हतें. भूगोलाच्या उत्तरपत्रिकेवरून गणिताचे गुण देणारा परीक्षक कितीही विद्वान असला तरी न्यायी म्हणवत नाहीं.

कोणी विचारील, कीं मे १९८० च्या निवडणुकींत महाराष्ट्राच्या २८८ जागांपैकीं १८६ जागा काँग्रेसलाच मिळाल्या. मग दिल्लीचा अंदाज बरोबरच ठरला, बिघडलें काय? यावर विद्यार्थ्यांनीं आपल्या वर्गाचें उदाहरण घ्यावें. अमुक मुलगा नापास होणार हें शिक्षकांस परीक्षेपूर्वींच वाटत असेल, आणि पुढें तो खरोखरच नापासही होईल. तरी परीक्षेस न बसवितां त्यास काढून टाकण्याचा अधिकार शिक्षकास येत नाहीं. परीक्षेचें मोल तिच्या निकालांत जितकें, तितकेंच ती सर्वांस सारखी लागू असण्यांत आहे. १९७८ सालीं निवडलेली सभा दोन वर्षेंही पुरीं होण्यापूर्वींच मोडली. ९ जून १९८० रोजीं बॅ. अ. र. अंतुले यांचें मंत्रिमंडळ येईपर्यंत जवळजवळ चार महिने महाराष्ट्रास आपली विधानसभा नव्हती. दुष्काळाचा, पाटाच्या पाण्याचा किंवा उसाच्या भावाचा प्रश्न जेथें आपल्या आमदारानें उभा राहून विचारावा, तें ठिकाणच बंद होतें. पुढारी एका निवडणुकींत पडतो आणि दुसरींत उभा राहतो. खरी हानि मतदाराची होते. आपण दिलेलें मत पांच वर्षें टिकेल कीं दिल्लींतील वारा फिरतांच उडून जाईल, ही शंका एकदां मनांत शिरली, म्हणजे मत देण्याची आस्थाच कमी होते.

या पायंड्यास आळा बसला तो एका खटल्यानें. कर्नाटकाचे मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांच्या १९ समर्थक आमदारांनीं पाठिंबा काढल्याचीं पत्रें राज्यपालांकडे गेलीं. त्यांतील कांहींजण पुढें आपलें पत्र मागें घेऊं लागले. ‘मला विधानसभेंत बहुमत सिद्ध करूं द्या,’ अशी मुख्यमंत्र्यांची मागणी होती. ती मान्य न होतां २१ एप्रिल १९८९ रोजीं त्यांचें सरकार बडतर्फ झालें. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं ११ मार्च १९९४ रोजीं या व अशाच इतर प्रकरणांचा निकाल दिला. त्यांतील एक महत्त्वाचें निकालपत्र न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांनीं लिहिलें. निकालाचा सारांश असा: मंत्रिमंडळास बहुमत आहे कीं नाहीं, हें राज्यपालांच्या दिवाणखान्यांत नव्हे, सभागृहांत ठरावें, राष्ट्रपतींची घोषणा न्यायालयास तपासतां येते, आणि संसदेची संमति मिळेपर्यंत विधानसभा बरखास्त करूं नये, म्हणजे चूक झाली असल्यास ती दुरुस्त करण्यास वाव राहतो. बोम्मई यांस त्यांचें पद परत मिळालें नाहीं. परंतु त्यांच्यामागून आलेल्या सर्व मुख्यमंत्र्यांस एक ढाल मिळाली. १९९४ पूर्वीं हें कलम जितक्या सढळ हातानें वापरलें जाई, तितकें नंतर वापरलें गेलें नाहीं.

सभागृहाचाच आग्रह कां, असें मुलें विचारतील. पत्र हें दडपणानें किंवा लोभानें लिहिलें जाऊं शकतें, आणि दुसऱ्या दिवशीं नाकारतांही येतें. सभागृहांत मात्र आमदार आपल्या नांवानें, सर्वांदेखत मत देतो. विरुद्ध बाजूचें म्हणणें ऐकून देतो. आणि त्याचें मत कामकाजांत कायमचें नोंदलें जातें. ज्या कृत्याबद्दल गांवीं परत आल्यावर लोकांस तोंड द्यावयाचें, तें उजेडांतच झालें पाहिजे.

या नियमाची कसोटी महाराष्ट्रांत दोन वेळां लागली. २०१९ च्या निवडणुकीनंतर कोणाचेंच मंत्रिमंडळ बनेना, म्हणून १२ नोव्हेंबरला राष्ट्रपतींची राजवट आली. २३ नोव्हेंबरला पहाटे ती उठविण्यांत आली आणि सकाळींच देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री व अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. लोक झोपेंतून उठले तों सरकार बनलेलें! प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. न्यायालयानें २६ तारखेस हुकूम दिला, कीं दुसऱ्याच दिवशीं सभागृहांत बहुमत सिद्ध करावें, मतदान गुप्त नसावें, आणि तें लोकांस प्रत्यक्ष दाखविण्यांत यावें. तें मतदान होण्यापूर्वींच दोघांनींही राजीनामे दिले. २८ तारखेस उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि ३० तारखेस त्यांनीं सभागृहांत १६९ मतें मिळविलीं.

दुसरी कसोटी जून २०२२ ची. शिवसेनेंत फूट पडली, राज्यपालांनीं मुख्यमंत्र्यांस बहुमत सिद्ध करण्यास सांगितलें, आणि तें मतदान थांबविण्यास न्यायालयानें नकार देतांच ठाकरे यांनीं सभागृहास सामोरें न जातां राजीनामा दिला. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. ११ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींनीं निकाल दिला, कीं राज्यपालांपुढें जी माहिती होती तिच्या आधारें असें मतदान घेण्यास सांगणें योग्य नव्हतें; तथापि ठाकरे यांनीं मतदानास तोंड न देतां आपण होऊन पद सोडलें असल्यामुळें त्यांस तें परत देतां येत नाहीं. या निकालांत दोघांसही धडा आहे. राज्यपालांनीं पक्षाच्या घरगुती भांडणांत पडूं नये. आणि मुख्यमंत्र्यानें हार दिसत असली तरी सभागृह टाळूं नये. मैदान सोडून गेलेल्या संघास पंचाची चूक पुढें सिद्ध झाली तरी सामना परत मिळत नाहीं.

यावरून दोष सर्वस्वीं दिल्लीचाच, असा समज कोणी करून घेऊं नये. वरच्यानें खालच्यास दाबावें हा मोह प्रत्येक पायरीवर असतो. दिल्ली आमच्यावर अन्याय करते अशी तक्रार करणारीं राज्यें आपल्या हाताखालील संस्थांशीं कशीं वागतात, हेंही पाहिलें पाहिजे. १९९३ पासून अमलांत असलेल्या घटनादुरुस्तीनें पंचायतींची मुदत पांच वर्षें ठरविली आणि ती संपण्यापूर्वीं नवी निवडणूक व्हावी असें सांगितलें. तरी मार्च २०२२ मध्यें मुदत संपल्यावर पुणें जिल्हा परिषदेवर प्रशासक आले, आणि आरक्षणाच्या वादांत निवडणुका लांबत राहिल्या. अखेर मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास त्या घेण्याविषयीं हुकूम द्यावा लागला. तीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्यांतील शाळा, रस्ते व दवाखाने यांचा कारभार निवडलेल्या सभासदांवांचून चालला. राज्यपालाचा हुकूम जसा एका रात्रींत सभा मोडतो, तशी दिरंगाई तिला हळूहळू मारते. दुसरीचा आवाज होत नाहीं, एवढाच काय तो भेद.

पालकांस येथें एवढीच विनंति, कीं मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास रस्ता, पाणी व वीज यांबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा: ‘तुमच्या पक्षाचें राज्य दिल्लींत आलें, आणि आमच्या राज्यांत दुसऱ्यांचें असलें, तर तुम्ही त्यांस सभागृहांत हरविणार कीं सभागृहाबाहेर?’ आपल्या आवडत्या पक्षाच्या उमेदवारास हा प्रश्न विचारणें अधिक अवघड आहे, आणि म्हणूनच तो आधीं त्यालाच विचारला पाहिजे. आपल्या विरोधकावर झालेला अन्याय पाहून जो गप्प बसतो, त्याची पाळी फार दूर नसते. १९७७ नंतर १९८० यावयास तीनच वर्षें लागलीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस अजून मताचा अधिकार नाहीं. परंतु त्याची संवय लावून घेण्यास वर्ग पुरेसा आहे. वर्गाचा प्रतिनिधि निवडावयाचा असेल, वक्तृत्वसभेंत विषय ठरवावयाचा असेल, किंवा संघाचा नायक बदलावयाचा असेल, तेव्हां कोपऱ्यांत जाऊन चौघांनीं तो ठरवूं नका, आणि गुरुजींकडे जाऊन परभारें हुकूमही आणूं नका. सर्वांनीं एकत्र बसा, विरुद्ध बाजूस आधीं बोलूं द्या, मग हात वर करून मोजा. आणि मोजणींत जो हरेल त्यानें दुसऱ्या दिवशीं जिंकलेल्याबरोबर त्याच मैदानावर खेळावयास यावें.